भाऊचा हीटर आणि रामाकोन्याचा मुहूर्त

तो कोणाच्याही घरी गेला की रामराम करण्याआधी उजवा तळहात पुढे धरी. आशीर्वाद देणाऱ्या बुवासारखा तो हात दाराशी, खिडकीशी, कोनाड्याशी फिरवी आणि मग मागे उभ्या असलेल्या बायकोला सांगे, "तिकडं नको बसू, तिथं वारा लागून राहिला. इकडं भिंतीकडं बस." सतरंजी टाकायला निघालेला यजमान सतरंजी हातात घेऊन उभाच राही. बायको बसली, तिचा पदर कानांवरून नीट झाला, म्हणजे मग तो यजमानाकडे वळून म्हणे, "राम राम. हवा कुठून येते थे पाहा लागते पहिले. मानसं काय, दारातूनच येतात."

वाचकहो, असा एखादा मनुष्य आपल्याही आळीत असेल. आपण त्याला हसतो, त्याच्याविरुद्ध अर्ज करतो आणि पुष्कळ वर्षांनी त्याच्याबद्दल लिहायला बसतो. मी या तिन्ही गोष्टी रीतसर केल्या आहेत.

माझा व्यवसाय अर्जनविसाचा. तारखांच्या दिवशी सौंसरच्या कचेरीसमोर कडुलिंबाखाली, एरवी पांढुर्ण्यात घरच्या ओट्यावर. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी मी लिहीत असे. आणि ज्यांना वाचण्याची इच्छा नाही अशा अधिकाऱ्यांना स्वतःच्या नावाने लिहीत असे. खचलेला पूल, खोटे माप, उघडी गटारे. विषय कधी कमी पडले नाहीत, आजही पडत नाहीत. त्याचे घर माझ्या घराला लागून होते. सारे गाव त्याला भाऊ म्हणे, म्हणून मीही भाऊच म्हणतो. वयाने तो माझ्याहून मोठा होता, रागाने मी.

महायुद्धात लष्कराच्या गाड्या हाकत तो इटलीपर्यंत जाऊन आला होता. तिथून त्याने थंडीचे भय आणि यंत्रावरची श्रद्धा एवढेच सामान आणले. युद्धानंतर लष्करी गाड्यांचे लिलाव झाले तेव्हा त्याने एक अमेरिकन पिकअप घेतली. पुढे दोन-तीन माणसे बसतील एवढी केबिन, मागे उघडा हौदा. संत्र्याच्या दिवसांत बागांतून स्टेशनवर संत्री, कापसाच्या दिवसांत शेतांतून सरकी काढायच्या जिनावर कापूस. त्याच लिलावात हिच्याहून धडधाकट गाड्या होत्या, असे जाणकार सांगत. पण हिच्यात हीटर होता आणि त्यांच्यात नव्हता.

हीटर म्हणजे बसणाऱ्याच्या गुडघ्यांसमोर बसवलेली, भाकरीच्या डब्याएवढी लोखंडी पेटी. इंजिनाचे तापलेले पाणी एका रबरी नळीने तिच्यात येई आणि दुसरीने परत जाई. गाडीच्या तोंडाशी असलेल्या एका जाड नळ्यातून बाहेरची हवा आत ओढली जाई आणि पेटीमागचा पंखा ती हवा तापलेल्या जाळीतून केबिनमध्ये ढकली. ज्या गावात वैशाखात दाराची कडी हाताला चटका देते त्या गावात हे यंत्र आले, तेव्हा गावाने काय केले असेल ते सांगायला नको. जिनातला फिटर तर भाऊ दिसला की हाक मारायचाच. "भाऊ, गरम हवा पाह्यजे त जेठात माह्या टिनाखाली येजो. फुकट देतो."

"पौष येऊ दे बे," भाऊ म्हणे. "मंग तूच म्हनशील, भाऊ, जरासक बसू दे."

स्वतःसाठी मात्र त्याने तो हीटर कधी लावला नाही. पंखा झिजेल, म्हणे.

पौष आला की पहाटे तो पिकअप अंगणात आणून उभी करी, इंजिन चालू करी आणि ते उन्हे येईपर्यंत चालूच ठेवी. गाडी तो अशी लावी की तिचा धूर वाऱ्याबरोबर थेट माझ्या खिडकीत येई. मी म्युनिसिपल कमेटीकडे तक्रार केली: सूर्योदयापूर्वी निवासी वस्तीत इंजिन चालवून शेजाऱ्याच्या झोपेस व श्वासास उपद्रव. ती तक्रार कायद्याच्या दृष्टीने निर्दोष होती आणि आजही आहे. कमेटीने आपल्या स्वभावाविरुद्ध जाऊन तातडीने भाऊला नोटीस काढली. नोटीस घेऊन भाऊ माझ्याच ओट्यावर आला.

"याचं उत्तर लिवून द्या, वकीलसाहेब." मी वकील नाही हे त्याला अनेकदा सांगून झाले होते.

"तक्रार कोणी केली आहे?" मी विचारले.

"नाव नाही लिवलं. पन मानूस हुशार आहे, बाप्पा. भाषा पाहा ना. अगदी तुमच्यासारखी." त्याच्या चेहऱ्यावरची एक रेषाही हलली नाही.

मग त्याने कारण सांगितले. वहिनींना दमा होता. गार वारा लागला की छाती भरे, आणि ऊब घ्यायला शेगडीजवळ बसल्या की धुराने भरे. पहाटेचा प्रहर सर्वांत वाईट. केबिन तापली की तो त्यांना गोधडीसकट उचलून आत बसवी आणि त्या तिथे बसून श्वास घेत. धुरावाचून ऊब अशी वस्तू साऱ्या पांढुर्ण्यात त्या एका पेटीत होती.

मी उत्तर लिहिले. आजारी व्यक्तीच्या जीवितरक्षणार्थ केलेले कृत्य उपद्रव ठरू शकत नाही, हा मुद्दा मी त्यात इतक्या आवेशाने मांडला की कमेटीने माझी तक्रार साफ फेटाळली. एवढा स्वच्छ पराभव मी दुसऱ्या कोणाच्या हातून पत्करलेला नाही. दुसऱ्या दिवसापासून गाडी मात्र उलट तोंड करून उभी राहू लागली.

बोलताना वहिनींना धाप लागे. म्हणून त्यांच्या वाट्याचे बोलणेही भाऊने स्वतःकडे घेतले होते. त्यांनी तोंड उघडले रे उघडले की, "तू नको बोलू, दम लागंल. मी सांगतो." मग वहिनींना काय म्हणायचे आहे ते तो सांगे. पुष्कळदा ते चुकीचे असे. वहिनी माझ्याकडे पाहून नुसत्या डोळ्यांनी नाही म्हणत आणि भाऊ पुढे बोलतच राही. इतक्या प्रेमाने कोणी कोणाचे तोंड बंद केल्याचे मी दुसरीकडे पाहिले नाही. यावर कोणत्या कलमाखाली अर्ज करावा हेही मला कधी कळले नाही.

मग राज्यांची पुनर्रचना झाली. स्वातंत्र्य आले तेव्हा नागपूर आमची राजधानी होती. नव्या आखणीत नागपूर मुंबई राज्यात गेले आणि सौंसर-पांढुर्ण्याचा मराठी मुलूख मध्य प्रदेशात राहिला. त्या काळात मी निवेदनांवर निवेदने लिहिली. भाषा, दळणवळण, न्यायालय, बाजारपेठ. एकेक मुद्दा असा घोटून लिहिला होता की वाचणाऱ्याने पुनर्विचार केलाच पाहिजे. त्यांतले एक मी भाऊला ओट्यावर बसवून संपूर्ण वाचून दाखवले. त्याने मान डोलावत ऐकले.

"सगळं बरोबर आहे, वकीलसाहेब," तो म्हणाला. "पन एक सांगा. तिकडं गेलो असतो त पौषात थंडी कमी पडली असती काय?"

मी कागद गुंडाळून आत निघून गेलो.

त्याच वर्षी मार्गशीर्षात वहिनींच्या धाकट्या बहिणीचे लग्न ठरले. आईबाप तिच्या लहानपणीच गेलेले. वहिनींनी तिला पांढुर्ण्याला आणून वाढवले, शाळेत घातले, तिच्या वेण्या घातल्या. मूलबाळ नसलेल्या त्या घरात मूल म्हणून तीच होती. लग्न मात्र माहेरच्या घरी रामाकोन्याला, असा तिथल्या काकांचा हट्ट पडला आणि दहा-बारा दिवस आधीच ते मुलीला घेऊन गेले. इथवर ठीक होते. मग त्यांचा निरोप आला. मुहूर्त सकाळचा आहे. अशा थंडीत रोगी बाईला आणण्याचे धाडस करू नये. मुहूर्तापर्यंत मोठी मुलगी आणि जावई पाटावर बसले तर कन्यादान त्यांचे. न बसल्यास आम्ही उभयता समर्थ आहोत.

माझा संताप झाला. काकांच्या अरेरावीने झाला आणि त्याहून अधिक यामुळे झाला की अधिकार पाहू गेले तर काका खरे होते. मुलीला देण्याचा हक्क पितृकुळातल्या पुरुषाचा. बहिणीचा नवरा त्या क्रमात कुठे येतो हे पाहण्यासाठी मी घरातली सारी पुस्तके उलटीपालटी केली. तो कुठेच येत नव्हता. तेव्हा हक्काची भाषा करण्यात अर्थ नव्हता. काकांनी स्वतःच्या तोंडाने घातलेली अट पुरी करणे आणि वेळेवर पाटावर जाऊन बसणे एवढेच हाती होते.

वहिनींनी निरोप ऐकला आणि एका दमात म्हणाल्या, "तिच्या वेन्या मी घातल्या आन् तिचा हात दुसरं कोनी देनार?" भाऊ त्यांना गप्प करायचे विसरून गेला.

आदल्या दिवशी दुपारच्या उन्हात जाऊन राहावे, तर लग्नघरात रात्रभर चुली आणि शेकोट्या; त्या धुरात रात्र काढायला डॉक्टरांनी साफ मनाई केली. रेल्वेने जावे, तर कोळशाचा धूर. उरली पिकअप. उजाडण्यापूर्वी निघायचे, सौंसरवरून रामाकोना गाठायचे, मुहूर्त साधायचा आणि उन्हे आहेत तोवर परत फिरायचे. "गाडीत चांगली ऊब राहणार असेल तर माझी हरकत नाही," डॉक्टर म्हणाले.

"डॉक्टरसाहेब, हीटर आहे," भाऊ म्हणाला. एखाद्या संस्थानिकाने दारी हत्ती असल्याचे सांगावे तसे.

थंडी नुकती कुठे पडू लागली होती. त्या वर्षी हीटर अजून लावलेला नव्हता. लग्नाच्या आदल्या दिवशी, सकाळची जेवणे उरकल्यावर, भाऊने इंजिन तापवले, हीटरचा खटका दाबला आणि तळहात पेटीपुढे धरला. मी कुंपणाशी उभा राहून पाहत होतो. त्याचा चेहरा उतरला. पंखा गुणगुणत होता, पेटी तापली होती, आणि तिच्यातून हवा येत होती ती निजलेल्या मुलाच्या श्वासाएवढी.

"वकीलसाहेब, या इकडं. हात धरा."

मी हात धरला. "गरम तर आहे," मी म्हणालो.

"गरम आहे, पन पोचून नाही राहिली. पहाटे सौंसरच्या रस्त्यानं हे काय कामाचं?"

जिनातल्या फिटरला बोलावणे गेले. तो पाने आणि टोमणे दोन्ही घेऊन आला. "म्हटलं नव्हतं, भाऊ? गरम हवा आपल्या इथं जेठातच भेटते." मग त्याने ओट्यावर उन्हात बसलेल्या वहिनी पाहिल्या; त्या ट्रंकेत शालू ठेवत होत्या. पुढचा टोमणा त्याने गिळला आणि बाह्या सारल्या.

आता मी हे प्रकरण रीतसर चालवायचे ठरवले. एकेका संशयिताला उभे करायचे, तपासायचे आणि निर्दोष ठरला तर सोडून द्यायचे; पुन्हा त्याच्याकडे वळायचे नाही. पहिला संशय पाण्यावर. फिटर म्हणाला, पेटीत पाणीच फिरत नसेल. भाऊने येणारी नळी धरली, जाणारी नळी धरली आणि दोन्ही वेळा हात झटकला. दोन्ही सारख्याच तापलेल्या. पाणी निर्दोष.

"अवो, मी काय म्हन्ते..." ओट्यावरून वहिनी म्हणाल्या.

"तू नको बोलू, दम लागंल," भाऊ पेटीखालूनच म्हणाला. "शालू राह्यला का ठेवायचा? थांब, मी देतो."

शालू त्यांच्या हातातच होता.

दुसरा संशय पंख्यावर. फिटरने तो सोडवून बाहेर काढला आणि दोन तारा लावून हातातच चालवला. माझे उपरणे खांद्यावरून उडून तुळशीवर जाऊन पडले. पंखा निर्दोष, आणि काहीसा उद्धटही.

तिसरी जाळी. पेटी उघडली तर तिच्या पात्यांत धूळ आणि तंतू अडकलेले. भाऊला उत्साह आला. "हेच, हेच होय," म्हणत तो घरात धावला आणि फणी घेऊन आला. पाते न् पाते त्याने त्या फणीने विंचरले.

"माही फनी होय ते," वहिनी म्हणाल्या. "अन् ऐका ना, मी काय म्हन्ते..."

"नवी आनतो. तू नको बोलू."

पेटी बंद केली, पंखा बसवला, इंजिन चालू केले. तिघांनी तीन हात धरले. हवा तेवढीच. पुढे हवा सोडणाऱ्या आतल्या झडपेची तार निसटली असेल म्हणून ती काढून पुन्हा बांधली. तरी तेवढीच. ऊन अंगणातून सरकत भिंतीवर चढले होते. आता कुंपणाशी निम्मी आळी उभी होती आणि प्रत्येकाजवळ एक उपाय होता. कोणी म्हणाले, नागपूरहून नवी पेटी मागवा. नागपूर आता कोणत्या राज्यात आहे हे मी त्याला पुरेशा मोठ्या आवाजात सांगितले. कोणी म्हणाले, एवढे कशाला, केबिनमध्ये एक शेगडी ठेवा.

भाऊ गाडीखालून बाहेर आला. त्या साऱ्या दिवसात तो एकदाच ओरडला. "बंद केबिनमध्ये निखारे? इटलीत बर्फात दोघं गडी असेच झोपले होते. सकाळी आम्ही काढले. चेहरे लाल, जसे काही आत्ता उठून बोलतील." मग त्याने वहिनींकडे पाहिले आणि आवाज खाली आणला. "शेगडीचं नाव काढू नका कोनी."

तेवढ्यात तिगावचे एक पाहुणे दारात आले. ते लग्नालाच रामाकोन्याला निघाले होते. "काकांनी विचारलं आहे," ते उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले. "तुम्ही येता, का त्यांनी आपलं सोवळं काढून ठेवावं?"

"काढू द्या ना," भाऊ म्हणाला. "धुवून वाळतबी घालू द्या. उद्या ऊन चांगलं पडनार आहे."

आळी हसली. पाहुणे गेले. भाऊ पिकअपच्या पायरीवर बसला, आणि मी जवळ गेलो तेव्हा काळ्या हातांकडे पाहत हळूच म्हणाला, "नाही जमलं त, वकीलसाहेब? तिले काय सांगू?"

मी नुसता त्याच्या शेजारी बसलो. साऱ्या गावाला हवा कुठून येते ते विचारणारा हा मनुष्य. आणि पाणी, पंखा, जाळी, झडप एवढे सारे तपासताना पेटीत हवा कुठून येते हे आमच्यापैकी एकानेही पाहिले नव्हते.

वहिनी ओट्यावरून उतरल्या. "अवो," त्या म्हणाल्या.

"तू नको..."

"बोलून राहिली मी. आता ऐका."

त्या गाडीच्या तोंडाशी गेल्या, खाली वाकल्या आणि रेडिएटरच्या बाजूच्या त्या जाड नळ्यात त्यांनी कोपरापर्यंत हात घातला. हात बाहेर आला तो कापूस घेऊन. पहिल्या वेच्याचा, पांढराशुभ्र, गादीत भरतात तसा नीट दाबून भरलेला. त्या ओढत होत्या आणि तो निघतच होता. शेवटचा गोळा सुटला त्याबरोबर केबिनमध्ये अशी काही हवा सुटली की आसनावर ठेवलेले माझे कागद उघड्या दारातून थव्यासारखे बाहेर पडले आणि पेटीपुढे वाकलेल्या फिटरच्या तोंडावर वर्षभराची धूळ बसली. इंजिन चालू होते, पंखा चालू होता, आणि तो वारा तापलेला होता.

वाचकहो, जे आमच्या मुलखातले नाहीत त्यांना सांगतो. थंडी पडली की आमच्याकडे पहिल्या वेच्याचा कापूस घरातल्या सगळ्या भोकांत जातो. कानांत, खिडकीच्या फटींत, दाराच्या भेगांत. वारा येतो तिथे कापूस भरायचा, हे आम्हांला कोणी शिकवावे लागत नाही.

"दिवाळी झाल्यावर तुम्ही पहाटे बागांवर जात होते," वहिनी म्हणाल्या. "घरी आले की पाय लाकडासारखे. पाह्यलं, त त्या भोकातून वारा सरळ तुमच्या पायावर. कानात भरते, खिडकीत भरते, मंग इथं काहून नाही? म्हनून भरला."

भाऊ वहिनींकडे वळला. "एवढं सांगायचं होतं तुले सकाळपासून?"

"हाव."

"मंग सांगायचं ना."

"बोलू देता काय तुम्ही?"

सगळी आळी हसली, फिटर तर काळ्या तोंडाने हसता हसता खालीच बसला. भाऊ हसला नाही. त्याने तो सगळा कापूस गोळा केला, झटकला आणि उशीसारखा करून केबिनमध्ये वहिनींच्या पाठीला म्हणून ठेवला.

पहाटे आम्ही निघालो. काकांशी बोलण्यासाठी मुद्देसूद भाषण तयार करून मीही बरोबर होतो. केबिनमध्ये ट्रंक, फराळाचे डबे आणि गोधड्या असल्यामुळे माझी जागा मागे हौद्यात, दोन कांबळ्यांत. त्या रस्त्याच्या स्थितीबद्दल मी पुढे संबंधित खात्याला जे लिहिले ते इथे लिहिण्याजोगे नाही. परंतु केबिनच्या मागच्या काचेवर आतून वाफ धरलेली मला दिसत होती आणि खड्ड्याखड्ड्यांमधून वहिनींचा आवाज ऐकू येत होता. त्या बोलत होत्या. बहिणीच्या लहानपणाचे, शाळेचे, तिला झालेल्या गोवराचे. पांढुर्ण्यापासून त्या बोलत होत्या आणि भाऊ नुसता हूं हूं करत गाडी हाकत होता. थंडीने माझे दात वाजत होते, आणि तरी, खरे सांगतो, एवढा आनंदाचा प्रवास मी केलेला नाही.

सौंसर ओलांडल्यावर गाडी थांबली. हीटरच्या नळीची पट्टी सैल होऊन पाणी ठिबकत होते. भाऊने बॉनेट उघडले, पाना सापडेना तेव्हा बोटांनीच पट्टी आवळली, तार गुंडाळली आणि पुन्हा बसला. उजाडून गेले होते. हात धुण्यात वेळ घालवण्यासारखी परिस्थिती नव्हती.

भाऊ आता नाही. थंडीशी जन्मभर भांडलेला हा मनुष्य एका चैत्रात, भर उन्हात गेला. वहिनी पुढे काही वर्षे बहिणीकडे राहिल्या आणि तिथेच गेल्या. काकाही नाहीत. शेजारचे घर दुसऱ्या कोणी घेतले आहे. शांत, नियमाने वागणारी माणसे आहेत. त्यांच्याविरुद्ध मला आजवर एकही तक्रार सुचलेली नाही, आणि या गोष्टीचा मला फार राग येतो.

त्या सकाळी रामाकोन्याला आम्ही पोचलो तेव्हा मांडवात अंतरपाट धुऊन तयार होता, भटजी घड्याळ पाहत होते आणि काका सोवळे नेसून, काकूंना शेजारी घेऊन, पाटावर बसलेले होते. "आलात?" ते म्हणाले. "बसा तिकडं उन्हात. आम्ही बसलोच आहो आता."

मी भाषणाचा पहिला शब्द उच्चारणार, तोच वहिनी पुढे झाल्या. मी सवयीने भाऊकडे पाहिले. तो मांडवाचे कापड न्याहाळत होता.

"काका," वहिनी म्हणाल्या, "तुमचा मान मोठा आहे. आहेर पहिला तुमचा, पंगतीत पान पहिलं तुमचं. पन तुम्हीच सांगून पाठवलं होतं, मुहूर्तापर्यंत आले त कन्यादान यांचं. भटजी अजून घड्याळच पाहून राहिले. उठा, मले बसू द्या."

त्यांना धाप लागली नाही. मग काकूच आधी उठल्या, आणि काकांना उठावे लागले.

भाऊ पाटावर बसला आणि त्याने ओंजळ पुढे केली. भटजींची नजर त्या हातांवर गेली. बोटांपासून मनगटापर्यंत काळे ग्रीस. "हात?" भटजी म्हणाले.

भाऊ उठू लागला. वहिनींनी झारी उचललेलीच होती. "राहू द्या," त्या म्हणाल्या. "मंत्र म्हना."

सर्वांत खाली नवऱ्या मुलाची ओंजळ, तिच्यावर मुलीची, तिच्यावर भाऊची. वहिनींनी धार धरली. पाणी भाऊच्या हातांतून खाली आले ते काळसर होऊन, आणि मुलीच्या हळदीने पिवळ्या झालेल्या तळहातावरून काशाच्या ताटात उतरले. मंत्र संपले. धार थांबली तेव्हा तिच्या तळहातावर अंगठ्यापासून मनगटापर्यंत एक काळी रेघ उमटलेली होती. काकूंनी पुसायला कापड पुढे केले. मुलीने त्या कापडाकडे पाहिले, भाऊजींच्या हातांकडे पाहिले आणि मूठ मिटून घेतली. तशाच मिटल्या मुठीने ती पुढच्या विधीला उठली.